सुझलॉन वाऱ्यावर वाढली की टॅक्सवर? (आणि पहिलं गिऱ्हाईक खरंच आपली आयपीसीएल?)

कारेलीबागवाला

परवा हालोलहून परत येताना बडोद्याच्या गोल्डन चोकडीच्या अलीकडे अर्धा तास अडकलो. ॲक्सिडेंट वगैरे काही नाही, पवनचक्कीचं एक पातं घेऊन ट्रेलर वळत होता. पुढे जीपवाला झेंडा हलवतोय, मागे दोन पोरं पळतायत, आणि ते पातं संपतच नाही! माझा धाकटा (इयत्ता चौथी) म्हणाला बाबा विमानाचा पंख आहे का. म्हटलं नाही रे, पवनचक्कीचं पातं. "कोणाचं?" मी ठोकून दिलं, सुझलॉनचं. बायको म्हणाली तुला काय माहीत, त्यावर कुठे नाव लिहिलंय. मुद्दा बरोबर होता म्हणून गप्प बसलो.

पण रात्री बसून वाचत गेलो आणि झोपच उडाली. सुझलॉन ही पवनचक्क्या बनवणारी कंपनी काढणारे तुलसी तंती, मूळ राजकोटचे, सुरतेत कापडाचा, म्हणजे पॉलिस्टर यार्नचा धंदा. विजेचं बिल परवडेना आणि बिल भरून वीज मिळेना, म्हणून १९९० च्या सुमाराला स्वतःच्या कारखान्यापुरत्या दोन पवनचक्क्या घेतल्या. १९९५ ला सुझलॉन काढली आणि कापड सुटलं ते सुटलंच. आणि पहिलं काम कुठलं, तर आपल्या आयपीसीएलसाठी (इथली पेट्रोकेमिकल कंपनी), सौराष्ट्रातल्या ढांकला, ३ मेगावॅटच्या आसपास!

तर दोन प्रश्न. एक, इथे आयपीसीएलमधून रिटायर झालेले बरेच जण आहेत, तुम्हाला हे आठवतंय का? दोन, ३ मेगावॅटपासून जगातल्या पहिल्या पाचांत जाऊन बसली, मग कर्जात बुडाली, आणि आता परत वर आलीय. हे सगळं वाऱ्यामुळे, माणसामुळे की सरकारी सवलतींमुळे? माझं मत अजून बनलेलं नाही, तुम्ही बनवा.

लीलो_चिवडो

चौथीतल्या पोराला "कोणाचं" विचारायचं सुचलं, माझा बारावीतला मोबाईलमधून मान वर करत नाही. बाकी वाचतोय.

मी_अनु

सुझलॉन म्हणजे सूझ आणि लोन. सूझ सुरुवातीला, लोन नंतर. धागा संपला, चला चहा घ्या.

सीए_माणूस

अनुताई जोक मस्त, पण तिसरा शब्द राहिला, डेप्रिसिएशन. 🙂

कारेलीबागवाले, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देतो, टॅक्स. निदान पहिली पंधरा वर्षं तरी टॅक्सच. समजा तुमचा साड्यांचा धंदा आहे, यंदा ५ कोटी नफा झाला. ३५ टक्क्यांनी पावणेदोन कोटी सरकारला जाणार. मार्चच्या आधी कोणीतरी येऊन सांगतं, शेठ, ५ कोटीच्या पवनचक्क्या घ्या, पहिल्याच वर्षी सगळी किंमत घसारा (म्हणजे डेप्रिसिएशन, मशीनच्या झिजेचा खर्च) म्हणून मांडा, नफा शून्य, टॅक्स शून्य. वर पुढची वीस वर्षं विजेचे पैसे येत राहणार. आधी हा घसारा १०० टक्के होता, २००२ नंतर ८०. आणि मशीन ३० सप्टेंबरच्या आत चालू झालं तर पूर्ण घसारा, त्यानंतर ३१ मार्चपर्यंत झालं तर अर्धा. त्यामुळे सप्टेंबर आणि मार्चमध्ये डोंगरावर जी काही धावपळ चालायची! आमच्या ऑफिसला क्लायंट फोन करायचे, "पंखो फरे छे ने?" पंखा फिरला याचं सर्टिफिकेट पाहिजे, किती फिरला याच्याशी कोणाला घेणंदेणं नाही.

सराफ, बिल्डर, विडीवाले, सिनेमावाले, सगळ्यांकडे पवनचक्क्या होत्या. त्यातल्या निम्म्यांनी आपली पवनचक्की आयुष्यात डोळ्यांनी पाहिली नसेल.

कलाभवन८८

सीएसाहेब, अर्धं बरोबर आहे. घसारा सगळ्यांनाच होता ना? नव्वदच्या दशकात डझनावारी कंपन्या पवनचक्क्या विकत होत्या, बाहेरच्या देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे इथले भागीदारसुद्धा. त्यातल्या किती नावं आठवतायत आज? मग हीच का टिकली?

माझ्या मते तंतींनी ओळखलं ते असं की गिऱ्हाईकाला मशीन नकोच आहे. साडीवाल्याला काय कळतंय वारा कुठे लागतो, जमीन एनए (बिगरशेती) कशी करायची, जेटकोच्या (सरकारी वीजवहन कंपनीच्या) सबस्टेशनपर्यंत लाईन कोणी ओढायची, गिअरबॉक्स गेला तर कोणाला बोलवायचं. हे स्वतःच दोन पवनचक्क्यांचे मालक होते, मालकाचं डोकं कशाने दुखतं ते भोगलेलं. म्हणून सगळं एका हातात घेतलं. वारा मोजायला मास्ट आम्ही उभा करणार, जमीन आम्ही बघणार, परवानग्या, रस्ता, फाउंडेशन, लाईन, आणि नंतर वीस वर्षं मेंटेनन्सही आमच्याकडे. शेठनी फक्त चेक फाडायचा. ही विक्री मशीनची नाही, बिनघोर झोपेची आहे.

तंत्र सुरुवातीला जर्मनीच्या सुडविंडकडून आणलं. ती कंपनी तिकडे बुडाली, तर यांनी तिथली इंजिनिअर माणसंच आपल्याकडे घेतली. हेही डोकंच लागतं.

(आयडी बघून विचारतील म्हणून सांगतो, हो, आपल्या कलाभवनचाच, इलेक्ट्रिकल, ८८ ची बॅच.)

टॉवरवरून

"बिनघोर झोप" वाचून हसू आलं. शेठ झोपायचे कारण आम्ही जागायचो.

मी या लाईनमध्ये ११ वर्षं होतो, कच्छ आणि सौराष्ट्र. कोणत्या कंपनीत ते विचारू नका, अजून ओळखीचे आहेत तिथे. ८० मीटरचा टॉवर, आत शिडी, लिफ्ट नाही. कंबरेला हार्नेस, खांद्यावर टूल बॅग, मे महिना. वर नॅसेलमध्ये (टॉवरच्या टोकावरची यंत्राची खोली) पोचलं की आत भट्टी. एकदा वर जाऊन बॅग उघडली तर टॉर्क रेंचचा सॉकेट चुकीचा! खाली स्टोअरवाल्याला फोन केला तर तो म्हणतो रस्सीने पाठवतो, आणि रस्सी छोटी. परत उतरलो, परत चढलो. त्या दिवशी रात्री जेवताना हात तोंडापर्यंत जात नव्हता.

एक गोष्ट मात्र लोकांना माहीत नसते. वारा थोडा जास्त म्हणजे वीज थोडी जास्त असं नसतं. वाऱ्याचा वेग ६ मीटर सेकंदावरून साडेसात झाला, म्हणजे पाव पटच वाढला, तर त्यातली ताकद जवळजवळ दुप्पट होते, कारण हिशोब वेगाच्या घनाचा. आणि पात्याची लांबी दुप्पट केली की कवेत येणारी जागा चौपट. म्हणून टॉवर उंच उंच आणि पाती लांब लांब होत गेली. १९९५ ची मशीन साधारण तीनशे किलोवॅटची, आजची एस१४४ तीन मेगावॅटच्या वर, १४४ मीटरचा व्यास. कारेलीबागवाल्यांना चोकडीवर आडवं आलं ते यातलंच सत्तर मीटरचं पातं असेल तर अर्धा तास कमीच लागला म्हणा.

लीलो_चिवडो

@टॉवरवरून, त्या स्टोअरवाल्याचं पुढे काय केलंत?

टॉवरवरून

काय करणार, त्याच्याकडेच चहाची साखर असायची.

पाटणची_लेक

माहेर पाटण तालुका, सातारा. आता निझामपुऱ्यात. त्यामुळे बोलायचा हक्क आहे माझा!

वनकुसवड्याचं पठार माहीत आहे का कोणाला? मी शाळेत असताना तिथे नुसतं गवत आणि वारा, म्हातारी माणसं म्हणायची तिथे गुरं पण उभी राहत नाहीत. मग एकदम रस्ता झाला, एवढाले ट्रक घाटातून चढायला लागले आणि बघता बघता पठारभर पांढरे खांब. आशियातलं मोठं पवन-पार्क म्हणून पेपरात फोटो यायचे. शाळेची सहल तिकडेच. आमच्या चुलत्यांची जमीन गेली त्यात, दर काय मिळाला आणि नंतर तीच जमीन काय भावाने फिरली हे मी इथे लिहीत नाही, मधल्या दलालाचं नाव निघालं की अजून घरात भांडणं होतात.

आणि २००३-०४ च्या दुष्काळात काय उठलं होतं माहितेय? हे पंखे ढग पळवून लावतात म्हणून पाऊस नाही! आमची आजी पक्की त्याच मताची. खरं तर पवनचक्क्यांची टोकं फार तर शंभर मीटरपर्यंत जात होती तेव्हा, पावसाचे ढग कितीतरी वर. पण आजीला कोण सांगणार. ती म्हणायची, "घरातला पंखा लावला की उदबत्तीचा धूर जातो का नाही?" यावर उत्तर द्या, इंजिनिअर लोकहो.

कलाभवन८८

ताई, पवनचक्की वारा फेकत नाही, वाऱ्यातून काढून घेते, म्हणजे घरच्या पंख्याच्या बरोब्बर उलट. पण आजीसमोर हे बोलायची माझी हिंमत नाही.

सीए_माणूस

ताईंनी वनकुसवडं काढलं, माझाच मुद्दा आला परत. ते पठार भरलं तेव्हा महाराष्ट्रात घसाऱ्याच्या वर विक्रीकराची सवलत पण होती. वारा तर हजार वर्षं वाहतोय तिथे. मशीन सवलत आल्यावर आली.

भाबडा_गुंतवणूकदार

मंडळी, शेअरबद्दल कोणीच कसं बोलत नाही?

२००५ चा आयपीओ, ५१० ला. आमच्या बाबांनी बँकेतून पैसे काढून फॉर्म भरला, दांडिया बाजारच्या ब्रोकरकडे रांग लावून. एक शेअर लागला नाही. आठवडाभर घरात सुतक. आई म्हणायची एवढं काय, बाबा म्हणायचे तुला नाही कळणार, वीज आणि वारा, दोन्ही कधी संपणारेत का. पुढे शेअर चढला तसे बाबा रोज पेपर उघडून उसासे टाकायचे. २००८ नंतर तो पडायला लागला तेव्हा उसासे बंद झाले. आणि २०२० मध्ये भाव दोन-तीन रुपयांवर आला तेव्हा बाबा मला म्हणाले, "आता घेऊन ठेव, गंमत म्हणून दहा हजाराचे." मी त्यांना अर्धा तास लेक्चर दिलं, बॅलन्स शीट, कर्ज, फंडामेंटल.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो ८६ ला शिवला. बाबा काही बोलले नाहीत. फक्त पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवला.

मी_अनु

😂😂 "ताटाशेजारी ठेवला". बाबांना साष्टांग.

सूरसागरकाठी

अर्रे पण मधली गोष्ट कोणी सांगेल का? वर गेली ते कळलं, परत आली ते कळलं, बुडाली कशी? मी आर्ट्सवाली आहे, साध्या भाषेत सांगा.

कलाभवन८८

सांगतो, पण थोडं लांबेल.

२००३ ला अमेरिकेची पहिली ऑर्डर, मिनेसोटात २४ मशीन. २००५ ला आयपीओतून पैसा आला. मग यांना वाटलं आपण जगातले पहिले व्हायचं. पवनचक्कीत नाजूक माल दोन, गिअरबॉक्स आणि पाती. २००६ मध्ये बेल्जियमची गिअरबॉक्स बनवणारी हॅन्सन घेतली, साडेचारशे कोटी युरोच्या... थांबा, कोटी नाही, ४६५ दशलक्ष युरो म्हणजे साडेसेहेचाळीस कोटी युरो. २००७ मध्ये जर्मनीची आरईपॉवर, तीही फ्रान्सच्या आरेव्हाशी बोलीत भिडून, किंमत तेरा-साडेतेराशे दशलक्ष युरोच्या घरात. सगळं कर्जावर. आणि पुढच्याच वर्षी २००८, जगभर बँका कोसळल्या, पवनचक्क्या घेणाऱ्यांना कर्ज मिळेना.

त्यातच अमेरिकेत एस८८ मॉडेलच्या पात्यांना तडे गेल्याचं निघालं. १,२५१ पाती दुरुस्त करायचा कार्यक्रम जाहीर करावा लागला. पैसा गेला तो गेलाच, नाव पण.

आणि आरईपॉवरची गंमत ऐका. कंपनी घेतली, पण जर्मन कायद्याप्रमाणे छोट्या भागधारकांचे हक्क असतात, पूर्ण शंभर टक्के हातात येईपर्यंत तिथला पैसा आणि तंत्र इकडे मोकळेपणाने आणता येईना. ते व्हायला २०११ उजाडलं. म्हणजे लग्न थाटात लागलं, कर्ज काढून मांडव घातला, पण तिजोरीची किल्ली चार वर्षं सासूच्या कंबरेला!

सूरसागरकाठी

आता कळलं 😄 हेच पेपरवाले का नाही असं लिहीत.

सीए_माणूस

पुढचं मी पूर्ण करतो, माझ्या प्रांतातलं आहे. ऑक्टोबर २०१२, परदेशी कन्व्हर्टिबल बाँड (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे), वीस कोटी डॉलरच्या वर, फेडता आले नाहीत. तोपर्यंतचा भारतातला त्या प्रकारचा सगळ्यात मोठा डिफॉल्ट. २०१३ ला बँकांनी साडेनऊ हजार कोटींच्या कर्जाची फेररचना केली. हॅन्सन आधीच विकून झाली होती. आरईपॉवरचं नाव तोवर सेनव्हियन झालेलं, ती २०१५ ला १०० कोटी युरोला अमेरिकन फंडाला विकली. त्याच वर्षी सन फार्माच्या दिलीप संघवींनी १,८०० कोटी घातले.

आणि कलाभवन, तुमच्या सासूच्या गोष्टीचा शेवट, ती सेनव्हियन २०१९ मध्ये स्वतःच दिवाळखोरीत गेली. म्हणजे विकली ती वेळेवर विकली असंच म्हणायचं.

आणखी एक. एप्रिल २०१२ ला सरकारने तो वाढीव घसारा काढून घेतला. धंदा एकदम बसला. २०१४ ला परत दिला. माझा मुद्दा सिद्ध झाला की नाही? नळ बंद केला की टाकी रिकामी.

टॉवरवरून

सीएसाहेब, घसाऱ्यामुळे धंदा पडला म्हणता, मग २०१७ चं काय? त्या वेळी नळ बंद नव्हता (८० चा ४० झाला होता फक्त), तरी सगळ्या लाईनला घरी बसायची वेळ आली. आणि त्याला आपलं बडोदंच कारण!

तोपर्यंत राज्य ठरवेल तो दर मिळायचा, गुजरातमध्ये युनिटला ४ रुपयांच्या वर. २०१७ ला लिलाव सुरू झाले, जो कमी दर बोलेल त्याला काम. फेब्रुवारीत केंद्राचा पहिला लिलाव ३.४६ ला गेला, ऑक्टोबरमध्ये २.६४, आणि डिसेंबरमध्ये आपल्या रेसकोर्सच्या विद्युत भवनात बसलेल्या जीयूव्हीएनएलच्या (गुजरातच्या सरकारी वीज कंपनीच्या) लिलावात २.४३! दहा महिन्यांत एक रुपया गेला. विकासकांनी दर बोलून टाकला आणि मग मशीनवाल्यांना सांगितलं, आता या दरात बसेल असं मशीन द्या. देशात २०१६-१७ ला साडेपाच हजार मेगावॅट उभे राहिले होते, पुढच्या वर्षी दोन हजारच्या आत. आमच्या साईटवरचे ४० टक्के लोक कमी झाले, मी त्यातलाच. मुलगी दोन वर्षांची होती. मांजलपूरला येऊन सोलरचं काम पकडलं, खाली जमिनीवर, चढाउतरायचं नाही, बायको खूष. मला अजून वारा सुटला की वर बघायची सवय आहे.

माळढोक

सगळे कंपनीचं गुणगान गाताय, कच्छमधल्या पक्ष्यांचं कोणी बोलेल का? माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, तारांना आदळून मरतो. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तारा जमिनीखालून न्या म्हणून सांगितलं, २०२४ मध्ये ते सौम्य केलं. अबडासा भागात मोजके उरलेत.

कारेलीबागवाला

@माळढोक, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण याचा वेगळा धागा काढाल का? खरंच काढा, मी येतो. इथे सगळं एकत्र झालं तर दोन्हीचं वाटोळं होईल.

माळढोक

काढतो. पण "स्वच्छ ऊर्जा" म्हणताना एवढं डोक्यात असू द्या.

लीलो_चिवडो

एक शंका. कंपनी गुजराती माणसाची, रजिस्टर्ड ऑफिस अहमदाबाद, मग मुख्य कारभार पुण्याला हडपसरला कसा? आणि आपण मराठी माणसं इथे बडोद्यात. गायकवाडांच्या वेळचा हिशोब फिटला म्हणायचा का?

पाटणची_लेक

फिटला कुठे, पुण्यात लीलो चिवडो मिळत नाही.

कलाभवन८८

अगदीच रिकाम्या हाताने नाही राहिलं हो बडोदं. वाघोडिया बाजूला त्यांची एसई फोर्ज आहे, टॉवरला आणि बेअरिंगला लागणाऱ्या मोठ्या रिंगा तिथे फोर्ज होतात (कास्टिंग कोइमतूरला). लोकांना पवनचक्की म्हणजे पातंच दिसतं, पण सगळा डोलारा त्या रिंगांवर आणि बोल्टांवर उभा. आणि हडपसरचं ते झकास वन अर्थ कॅम्पस २०२४ मध्ये विकून परत भाड्याने घेतलं, ४४० कोटीला. मला ते आवडलं. पूर्वीची सुझलॉन असती तर शेजारचा प्लॉट घेतला असता.

भाबडा_गुंतवणूकदार

म्हणजे शहाणपण आलं म्हणता? घेऊ का आता? 😬

सीए_माणूस

इथे टिप देत नाही. बाबांना विचारा.

फोरमॅन_काका

नातवाने धागा दाखवला, म्हणून इतक्या उशिरा लिहितोय, टायपिंगही त्याचंच, मी सांगतोय तो लिहितोय, चुकलं तर त्याचे कान धरा.

आयपीसीएलमध्ये ३१ वर्षं काढली, इन्स्ट्रुमेंटेशनला. पवनचक्कीच्या फाईलशी माझा काही संबंध नव्हता, पण बातमी कॅन्टीनमध्ये आली ती आठवते. तेव्हा कंपनी सरकारी, रिलायन्सकडे जायला (२००२) अजून बराच अवकाश होता. आमचा प्लांट म्हणजे चोवीस तास वीज आणि वाफ खाणारा राक्षस, त्यात तीन मेगावॅट म्हणजे हत्तीच्या तोंडात शेंगदाणा. आम्ही म्हणायचो, साहेबांना आता पतंग उडवायची हौस आली. एकजण म्हणाला उत्तरायणाला सगळ्यांना ढांकला नेणार आहेत. ज्या सुरतेच्या कापडवाल्याकडून घेतायत त्याच्याबद्दलही बोलणं व्हायचं, हा काय मशीन बनवणार, याचं तर यार्न तुटतं.

आता वर तुमचं टॅक्स की माणूस हे भांडण वाचलं. सीए बोलतोय ते खरं आहे, पण अर्धवट आहे. माझा अनुभव मशीनचा आहे, कागदाचा नाही. सवलतीने मशीन उभं राहतं. ते बाराव्या वर्षी चालतंय का, हे सवलत बघत नाही. आमच्याकडे परदेशी बनावटीची किती तरी यंत्रं पाहिली, विकणारा निघून गेला की एका कार्डासाठी सहा महिने बंद. सुझलॉन एवढी बुडाली, बँका दारात, तरी डोंगरावरची जुनी मशीनं सांभाळायचं काम त्यांनी सोडलं नाही असं मी वाचलंय, आणि ते पैसे दर वर्षी येत राहिले. नवीन एक मशीन विकलं गेलं नाही तरी जुन्या हजारोंचा मेंटेनन्स असतोच. मला वाटतं त्यावरच जीव तगला. तो टॉवरवरचा मुलगा, दोनदा चढला सॉकेटसाठी, कंपनी कुठलीही असो, ती असल्यांच्या पायांवर उभी असते.

तंती गेले ते १ ऑक्टोबर २०२२ ला, हार्ट अटॅक, ६४ वर्षांचे होते. दहाच दिवसांत १,२०० कोटींचा राईट्स इश्यू (आहेत त्याच भागधारकांना नवे शेअर विकणं) उघडायचा होता, त्याच्याच कामात होते म्हणतात. इश्यू ठरल्या तारखेला उघडला. आमच्याकडे शटडाऊनच्या आदल्या रात्री असंच एक माणूस गेलं होतं. सकाळी शटडाऊन झालाच.

टॉवरवरून

काका, काय लिहू. नमस्कार करतो.

सीए_माणूस

काका, मान्य. नंतरचे आकडे पण तुमच्या बाजूचेच आहेत. राईट्सनंतर २०२३ मध्ये २,००० कोटी उभे केले आणि कर्ज जवळपास संपवलं. २०२४ मध्ये एनटीपीसीची १,१६६ मेगावॅटची ऑर्डर, देशातली तोपर्यंतची सगळ्यात मोठी, ३७० मशीन, गुजरातमध्येच. आणि यात साडीवाला शेठ कुठे नाही, सरकारी कंपनी स्वतः वीज विकायला घेतेय. फक्त एवढंच म्हणतो, तो शेठ नसता तर हे दिवस बघायला कंपनी राहिली नसती.

मी_अनु

सीए साहेबांनी "मान्य" लिहिलंय, स्क्रीनशॉट काढून ठेवा कोणीतरी.

सूरसागरकाठी

आता तर तामिळनाडूला मागे टाकून गुजरात पवन ऊर्जेत पहिला आलाय ना? आणि सुरुवात पण इकडेच, १९८६ ला ओख्याला आणि तुमच्या रत्नागिरीला पहिल्या ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्या लागल्या होत्या. एवढं आर्ट्सवालीला पण गुगल करता येतं.

फोरमॅन_काका

बरं, एक सांगायचं राहिलं. तेव्हा चेष्टा केली, पण ढांक काही बघितलं नाही. उपलेट्याजवळ आहे, राजकोटच्याही पुढे, डोंगरात जुन्या कोरीव गुंफा पण आहेत म्हणे. नातू दिवाळीच्या सुट्टीत नेतो म्हणालाय, सात सीटची गाडी आहे, आम्ही तिघं. कोणाला यायचं असेल तर सांगा. पहाटे चारला निघणार, उशीर करणाऱ्याला थांबणार नाही.

कारेलीबागवाला

काका, दोन सीट माझ्या! मी आणि धाकटा. तो आत्ताच विचारतोय की पात्याला हात लावायला मिळेल का.

टॉवरवरून

तिसरी माझी. आणि त्याला सांगा, पातं लांब राहतं, पण टॉवरच्या दाराला कान लावला की आतला गिअरबॉक्स ऐकू येतो. टोपी आणा, सावली नसते तिथे.